शिरता येतं, निघता येत नाही

किट कारच्या प्रदर्शनात स्टॉलवरच्या गाडीचं स्टिअरिंग बरेचदा काढून बाजूला ठेवलेलं असतं. बघणाऱ्याला ती रेसिंगची ऐट वाटते. आतल्या माणसांना खरं कारण माहीत असतं. स्टिअरिंग नसलं की त्या गाडीत जवळजवळ कुणीही बसू शकतं. मांडी आणि स्टिअरिंगची खालची कड यांच्यात जी दोन-तीन बोटांची फट उरते, तिथंच सगळा सौदा अडतो. ती अडचण आधीच काढून ठेवली की गिऱ्हाईक आत बसतं, हवेतल्या हवेत दोन वळणं घेतं, बायकोला फोटो काढायला सांगतं आणि खुशीत बयाणा देऊन जातं. पुढे कित्येक महिने घरच्या गॅरेजमध्ये नटबोल्ट आवळून झाल्यावर एके दिवशी ते स्टिअरिंग चढवलं जातं, आणि मग आम्हाला फोन येतो.

आम्ही म्हणजे इंग्लंडच्या मिडलंड्समधला एक छोटा कारखाना. मी मूळचा पुण्याचा. कारखान्यात चासीची ड्रॉइंगं करतो आणि मे महिन्यात बँक हॉलिडेला वॉरिकशरमधल्या स्टोनलीला किट कारचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथं स्टॉलवर उभा राहतो. कारखान्याचं नाव सांगणार नाही, कारण तिथला चहा मला अजून प्यायचाय.

किट कार म्हणजे सुट्या भागांत विकत मिळणारी गाडी. चासी, बॉडी, सस्पेन्शन पेट्यांमधून येतं. इंजिन आणि गिअरबॉक्स एखाद्या जुन्या फोर्डचा किंवा माझदाचा. त्या जुन्या गाडीला डोनर म्हणतात. घाम तुमचा. हा धंदा इंग्लंडात फोफावला तो कराच्या कृपेनं. १९५७ साली कॉलिन चॅपमनच्या लोटस कंपनीनं सेव्हन नावाची, अंगावर जेमतेम पत्रा असलेली गाडी काढली. तयार गाडीवर पर्चेस टॅक्स बसायचा, सुट्या भागांवर नाही. मात्र सोबत जोडणीच्या सूचना दिल्या तर ती सूट जायची. म्हणून लोटसवाले गाडी कशी सोडवायची याच्या सूचना द्यायचे आणि गिऱ्हाईक त्या शेवटापासून सुरुवातीकडे वाचायचं. हा किस्सा या धंद्यात प्रत्येक जण प्रत्येकाला सांगतो आणि ऐकणारा दर वेळी तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखं हसतो. १९७३ मध्ये पर्चेस टॅक्स जाऊन व्हॅट आला. सेव्हन बनवायचे हक्कही त्याच वर्षी केटरहॅम कंपनीकडे गेले. करातली सूट संपली, गाडी राहिली. आजही प्रदर्शनात जिकडं बघाल तिकडं तिचीच पिलावळ दिसते.

या गाडीत जागा का नसते, हे एकदा समजून घेतलं की पुढचं सगळं कळतं. चॅपमनला वजन नको होतं आणि वारा कापायला पुढून अरुंद गाडी हवी होती. त्यामुळे इंजिनाच्या मागे गिअरबॉक्सचा टनेल, टनेलच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस, माणसाच्या पाठीला लागूनच मागचा ॲक्सल आणि कोपराशी चासीचा पाइप. सीट मागे सरकवायला मागे जागा नाही, बाजूला सरकवायला बाजूला नाही. साध्या गाडीत सीट मागे-पुढे, वर-खाली होते, म्हणून आपल्याला स्वतःच्या शरीराचं माप कधी कळतच नाही. ते इथं कळतं.

गंमत अशी की ही गाडी घ्यायला येतो तो माणूस बहुतेक वेळा साठी-सत्तरीचा असतो. १९६७ साली इंग्लंडात ‘द प्रिझनर’ ही टीव्ही मालिका लागली. तिच्या सुरुवातीलाच पॅट्रिक मॅकगूहन लोटस सेव्हन पळवत लंडनमध्ये शिरतो. ते बघून ज्या पोरांचा जीव त्या गाडीवर जडला, त्यांच्याकडे तेव्हा पैसे नव्हते. पैसे आले तोवर कंबरही आली. स्टॉलवर उभं राहून मी जे ऐकतो त्यातलं निम्मं संभाषण या एकाच वस्तुस्थितीभोवती फिरत असतं, आणि तिचं नाव मात्र कुणी घेत नाही. ‘माझे पाय जरा लांब आहेत,’ असं म्हणतात.

आता कुणाचे पाय खरंच लांब असतात. धिप्पाड माणूस म्हटलं की आपल्यापुढे एकच आकृती येते, पण चासीपुढे पाच वेगळी माणसं येतात. लांब पायांच्या माणसाचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. पाठ लांब असेल तर डोळे बरोबर काचेच्या वरच्या पट्टीसमोर येतात. त्याला रस्ता बघायला एक तर मान खाली घालावी लागते, नाहीतर वर काढून वारा खावा लागतो. रुंद खांद्यांचा माणूस शेजारच्याच्या खांद्यावर चढतो. बैठक रुंद असेल तर तो टनेल आणि पाइप यांच्यामध्ये अडकून वरच तरंगत राहतो, सीटला टेकतच नाही. आणि पाचव्याचं काय अडतं हे कुणाच्याच लक्षात येत नाही. त्याचं पाऊल मोठं असतं.

पँटचं माप इथं उपयोगाचं नाही. ते उभ्या माणसाचं. बसलं की माणूस पसरतो. म्हणून आमच्याकडे एक बाक आहे. गिऱ्हाइकाला भिंतीला पाठ लावून त्यावर बसवायचं, दोन्ही बाजूंनी दोन फळ्या कमरेला हलकेच टेकवायच्या, त्याला उठायला सांगायचं आणि फळ्यांमधलं अंतर मोजायचं. हे करताना शक्यतो त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारायच्या.

वजनाची तर आणखी तऱ्हा. गाडी पाच-सहाशे किलोची. त्यात सव्वाशे किलोचा माणूस बसला की मागच्या स्प्रिंगा कोणत्या घालायच्या ते बदलतं, गाडी त्याच्या बाजूला कलते. म्हणून वजन विचारावंच लागतं. इंग्रज माणूस ते स्टोनमध्ये सांगतो. एक स्टोन म्हणजे १४ पौंड, साडेसहा किलोच्या जरासं आत. सांगताना एखादा स्टोन हमखास गाळलेला असतो. आम्ही वाद घालत नाही. चार चाकांखाली चार वजनकाटे असतात, त्यावर गाडी उभी असते. ‘जरा बसून बघता का?’ म्हणायचं आणि काट्यांचे आकडे वाचायचे.

सांगलीकडचे एक डॉक्टर या काट्यावर बसले तेव्हाची गोष्ट सांगतो. इथल्याच एका रुग्णालयात नोकरी, सहा फुटांवर उंची, आडवा बांधा. सोबत वहिनी. माझं मराठी कानावर पडल्यावर डॉक्टर जे मोकळे झाले ते थेट गाडीच्या कडेवर पाय टाकूनच.

“डॉक्टर, थांबा. आधी बूट काढा,” मी म्हटलं.

“का हो? देऊळ आहे का?”

“सीटवर पाय द्यायचाय. दार नाही याला.”

रीत अशी आहे. एक पाय सीटवर, एक हात रोल बारवर, दुसरा पाय आत, मग दोन्ही पाय पुढे पेडलच्या बोळात सोडत सोडत अंग खाली घ्यायचं. डॉक्टर आत उतरले. खांदे तिरके केले, पोट आत घेतलं, आणि बसले.

“बसतंय की!” डॉक्टर खूश.

मी स्टिअरिंग चढवलं. त्याचा खटका वाजला तसा डॉक्टरांचा आवाज बारीक झाला. तरी म्हणाले, “बसतंय.” मग मी बूट आत दिले आणि घालायला सांगितलं. ते काही जमेना. शेवटी खाली वाकून मीच घातले. अकरा नंबरचा जोड. डॉक्टरांनी ब्रेक दाबला आणि ब्रेकबरोबर ॲक्सिलरेटरही खाली गेला. क्लचवरचा पाय उचलला तर बुटाचं टोक स्टिअरिंगच्या दांड्याला अडकलं.

“आता बाहेर या.”

इथं वेळ गेला. शिरताना गुरुत्वाकर्षण तुमच्या बाजूनं असतं. निघताना सगळं अंग दोन हातांवर उचलावं लागतं, तेही कोपरं टेकायला जागा नसताना. डॉक्टरांनी दोनदा जोर लावला. तिसऱ्यांदा गाडीच काट्यांवरून थोडी हलली.

“अहो, राहू दे,” वहिनी म्हणाल्या. “तसेच घरी नेऊ. पार्सल.”

गाडी घ्यायला निघालेल्या कुणालाही मी हेच सांगतो, की आत बसून झालं की बाहेर येऊन दाखवा. गाडी उलटली, पेटली, तर बाहेर पडायचा तोच रस्ता आहे. आणि बसायचं ते रोजचे बूट घालून, हेल्मेट चढवून, हूड लावून, निदान अर्धा तास. हूड लावल्यावर कित्येकांचं डोकं कापडाला टेकतं, आणि इंग्लंडात पाऊस कधी येईल याचा नेम नाही. अर्धा तास अशासाठी, की पहिली पाच मिनिटं माणूस आनंदात असतो. दुखायला नंतर लागतं.

धंद्यातलं एक गुपित मात्र स्टॉलवर कुणी बोलत नाही. छोट्या कारखान्याची गाडी कुणाच्या मापाची असते? मालकाच्या. चासीचा पहिला नमुना बनतो तेव्हा सीट कुठं, पेडल कुठं, हे ठरवायला लाकडी खोक्यांवर बसतो तो मालकच. माझ्या बघण्यात तरी हे बहुतेक ठिकाणी असंच आहे. म्हणून माझा सल्ला असा, की प्रदर्शनात गाडी नंतर बघा, आधी ती बनवणाऱ्याला बघा. स्टॉलवर साडेपाच फुटी, किडकिडीत माणूस चहा पीत उभा असेल तर पुढे चला. मालक तुमच्याएवढा असेल तर खुशाल बयाणा द्या. आमचे मालक मध्यम चणीचे आहेत, म्हणून आमची मूळ गाडी मध्यम चणीची.

घरी गाडी बांधणाऱ्यांनी यावर स्वतःच तोड काढली. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन या शाळामास्तरांचं पुस्तक आलं: अडीचशे पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार कशी बांधायची. जुनी फोर्ड एस्कॉर्ट, लोखंडी चौकोनी पाइप आणि वेल्डिंग. गाडीला लोकोस्ट म्हणायला लागले. पण पुस्तकातली चासी सेव्हनच्याच वळणाची, म्हणजे अडचण तीच. मग अटलांटिकपलीकडे एकानं नवीन ड्रॉइंग काढलं: चार इंच जास्त रुंद, चार इंच जास्त लांब, दोन इंच जास्त उंच. त्याचं नावच पडलं फोर-फोर-टू. आता एखादा मोठा माणूस ‘मी फोर-फोर-टू बांधतोय’ म्हणाला की समोरच्याला सगळं कळतं आणि कुणाला काही स्पष्ट बोलावं लागत नाही. केटरहॅमनंही २००० साली एसव्ही नावाची रुंद चासी काढली. जुनी गाडी १५७५ मिलिमीटर रुंद, ही १६८५. अकरा सेंटिमीटर कागदावर काहीच वाटत नाहीत. कमरेला विचारा.

रुंद चासी सगळीकडून रुंदच असते, असं मात्र धरून चालू नका. काही जण कमरेपाशी इंच वाढवतात आणि पुढे पेडलपाशी चासी पुन्हा निमुळती करतात, कारण तिथं इंजिन, सस्पेन्शन, सगळ्यांनाच जागा हवी असते. बसायला ऐसपैस आणि पाय मात्र जुन्याच बोळात. टेप पेडलपाशी लावा.

उंचीवरचा उपाय म्हणजे फ्लोअर खाली नेणं. सीटखालचा पत्रा काढून तो चासीच्या पाइपांच्या खाली बसवतात. डोकं खाली येतं, गाडीचं बूडही खाली येतं, आणि खेड्यांमधले स्पीड ब्रेकर पोटात गोळा आणतात. तरी मी उंच माणसाला हे करायलाच सांगतो, आणि त्यामागे डोक्यापेक्षा खांद्याचं कारण मोठं आहे. इथं घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणण्याआधी सरकारी परीक्षा द्यावी लागते. तिच्यात खांद्यावरच्या पट्ट्याचा अँकर सीटपासून किमान ४५० मिलिमीटर उंच लागतो. गाडी पास होते. पण नियमाला तुमची उंची ठाऊक नसते. लांब पाठीच्या माणसाचे खांदे त्या अँकरच्या बरेच वर येतात. मग पट्टा खांद्यावरून खाली ओढला जातो, आणि धडक झालीच तर सगळा भार मणक्यावर. सीट खाली गेली की खांदे अँकरच्या रेषेत येतात.

उंच ड्रायव्हरसाठी गाडीच बदलल्याचा सगळ्यात देखणा किस्सा रेसिंगमधला आहे. फोर्ड जीटी४० मधला ४० म्हणजे गाडीची इंचांतली उंची. जमिनीपासून टपापर्यंत जेमतेम एक मीटर. डॅन गर्नी हा अमेरिकन ड्रायव्हर सहा फूट चार इंच. १९६७ च्या ल माँ शर्यतीसाठी त्याला या घराण्यातली मार्क फोर गाडी मिळाली आणि हेल्मेट घालून बसल्यावर टप काही मिटेना. मग टपाला त्याच्या डोक्यावर एक फुगवटा काढला, चक्क टेंगूळ. ए. जे. फॉइटच्या जोडीनं गर्नीनं ती शर्यत जिंकली आणि व्यासपीठावर शॅम्पेनची बाटली हलवून सगळ्यांवर उडवली. आज जिंकणारे जी शॅम्पेन उडवतात ती चाल तिथून रुळली. त्या फुगवट्याचं नाव गर्नी बबल. जीटी४० च्या किट बनवणारे आजही तो मागणाऱ्याला देतात. स्टोनलीला साडेपाच फुटी माणसानंही तो घेतलेला मी पाहिलाय. अडचण म्हणून आलेली वस्तू दागिना झाली की असं व्हायचंच.

माणूस गाडीत बसवायचा प्रश्न पुण्यातल्या पोरांनाही पडतो. माझा भाचा इंजिनिअरिंगला असताना फॉर्म्युला स्टुडंट या, विद्यार्थ्यांनी स्वतः रेसिंगची गाडी बांधायच्या स्पर्धेच्या टीममध्ये होता. एकदा रात्री त्याचा फोन.

“मामा, आमचा पर्सी अडकलाय.”

पर्सी म्हणजे त्या स्पर्धेच्या नियमांतला पुठ्ठ्याचा माणूस. शंभरातल्या पंच्याण्णव पुरुषांना गाडी पुरावी म्हणून तो बेतलेला. कमरेला आणि खांद्याला २०० मिलिमीटरचं एकेक वर्तुळ, डोक्याला ३००चं, आणि कमरेच्या वर्तुळाच्या मध्यापासून पेडलपर्यंत किमान ९१५ मिलिमीटर. पुढच्या आणि मागच्या रोल हूपच्या, म्हणजे कमानींच्या, माथ्यांवरून ओढलेल्या रेषेखाली हेल्मेट ५० मिलिमीटर तरी हवं. पोरांचा ड्रायव्हर किडकिडीत होता, म्हणून त्यांनी हूप खाली घेतला होता. पर्सीचं डोकं रेषेच्या वर. “सीट थोडी कलती करा,” मी म्हटलं. “केली मामा. आता पेडल पुरत नाही.” सेव्हनमधल्या प्रत्येक मोठ्या माणसाची हीच रड आहे, एक इंच घेतला की दुसरीकडून एक द्यावा लागतो. फक्त पर्सी बाजूनं कापलेला सपाट पुठ्ठा. त्याला ना खांद्यांची रुंदी, ना पोट. सुखी माणूस.

डॉक्टरांनी शेवटी आमचीच चार इंच रुंद केलेली चासी घेतली, फ्लोअर खाली नेलेली. पेडल आम्ही थोडी लांब लांब बसवली, स्टिअरिंग लहान आणि खालून सपाट. बुटांचा प्रश्न त्यांनीच सोडवला. रेसिंगचे पातळ तळव्याचे बूट आणले आणि ते घालून, वहिनींच्या म्हणण्याप्रमाणे, स्वयंपाकघरातसुद्धा फिरत होते. उरली सीट. गादीची तयार सीट पाठीमागे दीड-दोन इंच खाते, आणि एवढे इंच कमावल्यावर ते गादीला कोण देणार? म्हणून फोमची सीट.

ती बनवायची पद्धत बघणाऱ्याला थट्टा वाटते. ॲल्युमिनियमच्या रिकाम्या सीटमध्ये कचऱ्याची जाड प्लॅस्टिक पिशवी पसरायची. पॉलियुरेथेनची दोन रसायनं बादलीत झटपट ढवळून पिशवीत ओतायची, पिशवीचं तोंड चिकटपट्टीनं बंद करायचं आणि माणसानं तिच्यावर बसायचं. हात स्टिअरिंगवर, डावा पाय क्लचवर, मान सरळ. आत फोम फुगायला लागतो. पाठीच्या खळग्यात, बरगड्यांच्या बाजूला, मांड्यांखाली, जिथं जिथं पोकळी असेल तिथं तो शिरतो. गरमही होतो. त्या वेळात हलायचं नाही. वाफ छातीला वाईट, म्हणून कारखान्याचं शटर आधीच पूर्ण वर केलेलं असतं, आणि त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्यांना एक धिप्पाड गृहस्थ बिनाचाकांच्या गाडीत, डोळे मिटून, काळ्या पिशवीवर बसलेले दिसतात.

“कसं वाटतंय?” मी विचारलं.

“शेकल्यासारखं. कंबर बरी वाटतेय,” डॉक्टर म्हणाले. मग थोड्या वेळानं, “अहो, हे वर यायला लागलंय.”

“येऊ दे. हलू नका.”

फोम घट्ट झाल्यावर डॉक्टर उठले, स्वतःच्या हातांवर, एका दमात. वहिनींनी टाळी वाजवली. पावाच्या सुरीनं आम्ही कडा कापल्या, वरून काळी टेप गुंडाळली. सीटमध्ये डॉक्टरांची पाठ जशीच्या तशी उमटली होती. डावा खांदा उजव्यापेक्षा जरा खाली असतो हे त्यांना त्या दिवशी कळलं.

मग वहिनी बसल्या. त्या पाच फुटांच्या. डॉक्टरांच्या खळग्यात त्या अशा काही गेल्या की डोळे डॅशबोर्डच्या रेषेत आणि पाय क्लचपासून वीतभर अलीकडे.

“गाडी दोघांची म्हणाला होता ना?” त्यांनी डॉक्टरांना विचारलं.

डॉक्टर गप्प. मी सांगितलं की फोमचा ठोकळा उचलून बाहेर निघतो. त्यांचा वेगळा बनवता येईल, जाड, पाठीमागून पुढे ढकलणारा. हवा तेव्हा हा काढायचा, तो घालायचा.

“डबे उरलेत?”

“आहेत.”

वहिनींनी पर्स डॉक्टरांच्या हातात दिली, रिकाम्या सीटमध्ये पाय टाकला आणि म्हणाल्या, “मग पिशवी आणा. ह्यांच्याएवढी मोठी नको.”